टाकीतला नाखवा

"आवाज न करणारा पंप आहे का? घरात बाळंतीण आहे."

वाकोल्यातल्या माझ्या दुकानात शोभेचे मासे आणि फिश टँकचं सामान मिळतं. पंप मागायला आलेलं गिऱ्हाईक टँक केवढा, मासे कोणते, एवढंच सांगतं. बाळंतिणीचं नाव काढणारं हे पहिलंच. पांढरी झुपकेदार मिशी, लुंगीवर कडक इस्त्रीचा सदरा, खांद्याला शबनम. मी आतून सगळ्यात चांगला पंप काढून चालू केला. नारळ घेताना कानाशी धरतात तसा त्यांनी तो कानाशी धरला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"सून की मुलगी?" मी विचारलं.

"कोळंबी," ते म्हणाले.

मग काउंटरवर कोपरं टेकून त्यांनी मला सगळं समजावलं. नदीतली मोठी कोळंबी. मादी अंडी पोटाखाली घेऊन हिंडते, नारिंगी रंगाची, द्राक्षाच्या घोसासारखी. घोस करडा पडायला लागला की पिल्लं सुटायची वेळ जवळ आली. अशा वेळी शेजारी घरघर झाली की ती बिथरते आणि अंडी पायांनी झाडून टाकते. "बाईमाणसाला जे चालत नाही ते हिलाही चालत नाही," ते म्हणाले आणि पंप घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत त्यांचा फोन. पिल्लं सुटली होती. आवाज असा की पेढे कुठे पाठवू, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात त्यांना सगळे नाखवा म्हणत. नाखवा म्हणजे होडीचा मालक. यांच्याकडे होडी नव्हती, कधी नव्हतीच. वडील, भाऊ, मेहुणा सगळे दर्यावर जाणारे, आणि यांना बोट लागायची. होडी धक्क्याला बांधलेली असली तरी हे आत बसले की पोटात ढवळायला लागायचं. वडिलांनी लिंबू दिलं, आलं दिलं, देवाला बोकड कबूल केला, आणि शेवटी नाद सोडला. तरुणपणीच नाखवा आंध्रच्या किनाऱ्याला गेले. तिथे कोळंबीचं बीज तयार करणाऱ्या केंद्रांत राबले, पुढे एका केंद्राचे मुख्य झाले, तेलुगूत भांडण्याइतके तयार झाले आणि केस पिकल्यावर घरी परतले. आल्यावर तळमजल्यावरच्या जाळी ठेवायच्या खोलीत त्यांनी निळ्या टाक्या मांडल्या. कोळीवाड्यानं लगेच बारसं केलं. टाकीतला नाखवा.

त्यांना राग नव्हता. "टाकी बुडत नाही," ते म्हणत, "आणि वादळात घरीच असते."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवलं, हात धुवायला लावले आणि चपला बाहेर काढायला लावल्या. देवळात शिरल्यासारखं वाटलं. आत टाक्यांतून बारीक बुडबुडे येत होते. मेहुणा आपल्या होडीतून लांबवरचं स्वच्छ समुद्राचं पाणी ड्रमांत भरून आणून द्यायचा. नळाचं पाणी उन्हात ठेवून त्यातलं औषध, म्हणजे क्लोरीन, उडवायचं आणि मग दोन्ही पाणी मिसळायचं. मला वाटलं होतं, नदीतली कोळंबी आहे तर गोडं पाणी पुरे. "मोठ्यांना पुरतं," नाखवा म्हणाले. "पिल्लं गोड्या पाण्यात मरतात. म्हणून ही बाळंतपणाला खाडीच्या तोंडाशी येते. पोरं चालायला लागली की सगळी परत वर, नदीत. मी काय करतो, खाडी घरात आणून ठेवतो, एवढंच."

त्याच घरात, मधल्या एका दारापलीकडे, कमळवहिनी राहत. म्हणजे त्यांची बायको. वहिनी अंधेरीच्या बाजारात मासे विकायच्या. नवरा आत कोळंबीची पिल्लं फुंकर घालून जपतोय आणि बायको त्याच खोलीतून डोक्यावर कोळंबीची पाटी घेऊन बाहेर पडतेय, असं रोज सकाळी चालायचं. एकदा माझ्यासमोर नाखव्यांनी त्यांना पाटीवर फडकं टाकायला सांगितलं. "त्यांना दिसायला नको."

वहिनी दारात उभ्या राहिल्या. "त्या काय आपल्या मानसांना वलखतान?" एवढं म्हणून गेल्या. पण फडकं टाकून गेल्या.

एके दुपारी नाखव्यांचा फोन आला. "दुकान बंद कर आणि बायकोला घेऊन ये. लग्न लागतंय." माझ्या सुनंदाला वाटलं खरंच कोणाचं तरी लग्न आहे, म्हणून ती बरी साडी नेसून आली. एका टाकीत मादीनं नुकतंच कवच टाकलं होतं. ते काचेच्या कोळंबीसारखं बाजूला पडलेलं आणि ती स्वतः मऊ, कोणीही लचका तोडावा अशी. तिच्यावर निळ्याशार लांब नांग्यांचा नर उभा होता. दोन्ही नांग्या त्यानं तिच्या दोन्ही बाजूंनी कुंपणासारख्या टेकवल्या होत्या. दुसरा कोणी जवळ आला की तो एक नांगी उचलायचा, परत ठेवायचा. "हिचं कवच कडक होईपर्यंत हा हलणार नाही," नाखवा हळू आवाजात म्हणाले. "जेवायलासुद्धा जात नाही."

आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे कोळंबीला सुंगटं म्हणतात आणि तिचा विचार नारळाच्या रसापासून सुरू होतो. पण सुनंदा बराच वेळ वाकून बघत राहिली. बाजारातून परतलेल्या वहिनीही पाटी खाली ठेवून आमच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"बघ गं," त्या सुनंदाला म्हणाल्या, "मना ताप भरला तवा ह्यो आंध्रात व्हता. आनि हिचा नवरा बघ."

आम्ही निघालो तेव्हा नाखवा मोरीत बसून वहिनींची माशांची पाटी घासत होते. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होत्या, आणि पाटीचा कोपरा राहिला, हे सांगत होत्या.

पिल्लांची एक गंमत होती. ती उलटी पोहतात. डोकं खाली, पोट वर, आणि शेपटी पुढे करून मागे मागे जातात. डोळ्यांना दिसतील न दिसतील अशी, उजेडाकडे झेपावणारी. त्यांचं पहिलं खाणं माझ्या दुकानातून जायचं. डब्यातली धुळीसारखी अंडी मिठाच्या पाण्यात टाकली की त्यातून जिवंत किडे निघतात, ते. जरा मोठी झाली की त्यांना नाखवा अंड्याचं कस्टर्ड करून घालत. अंडी, दुधाची पावडर, थोडं माशाचं मांस, सगळं एकत्र वाफवायचं आणि चाळणीतून दाबून बारीक कण काढायचे. वहिनींची चहाची गाळणी त्यात गेली, पुरणाची चाळण गेली. मी एकदा घरी गेलो असता वहिनींनी मला कोरा चहा दिला आणि म्हणाल्या, "दूध पोरांनी खाल्लं."

एवढं करूनही पिल्लं जगत नव्हती. पहिली खेप नळाच्या पाण्यात राहिलेल्या औषधानं गेली. दुसरी कशानं गेली ते कळलंच नाही. सकाळी पाहिलं तर टाकीच्या तळाशी पांढरा थर. अशा दिवशी नाखवा घरात थांबत नसत. रिक्षा करून माझ्या दुकानात येत, गप्पी माशांच्या टँकसमोर स्टूल ओढून बसत. गप्पीला काही करावं लागत नाही. पाणी गढूळ असो, खाणं उशिरा पडो, तिला पोरं होतातच. "हिला बघून बरं वाटतं," ते म्हणत. "कोणाला विचारत नाही, कोणाला सांगत नाही. झाली पोरं." मग चहा पिऊन, चारदोन गिऱ्हाइकांना मासे कसे मारू नयेत ते सांगून ते पुन्हा घरी जात आणि टाक्या धुवायला घेत.

तिसऱ्या खेपेला मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. मनोरच्या पुढे जयवंत नावाचा एक शेतकरी होता. त्यानं शेताशेजारी मोठं तळं खणून कोळंबी वाढवायला सुरुवात केली होती. बीज लांबून यायचं, वाटेतच निम्मं मरायचं. दोन वर्षं तोंड पोळल्यावर त्याला कोणीतरी नाखव्यांचं नाव सांगितलं. नाखव्यांनी त्याला शब्द दिला की या पावसाळ्यात तुझं तळं वर्सोव्याच्या बिजानं भरेल. जयवंतनं तळं तयार करून, पाणी भरून ठेवलं. इकडे नाखव्यांच्या भावांनाही खोली परत हवी होती. त्यांची जाळी बाहेर भिजत होती. त्यांनी सरळ सांगितलं, या पावसाळ्यात एक तरी टाकी जगली तर खोली तुझी, नाहीतर टाक्या उचल. भाऊ वाईट नव्हते. त्यांनी बरीच वाट पाहिली होती.

या खेपेची पिल्लं जगली. एकेक दिवस करत ती जगत गेली. नाखव्यांनी दाढी करणं सोडलं, बोलणं कमी केलं. पिल्लांचे डोळे, शेपटी, पाय बदलत होते. ती आता सुलटी होण्याच्या बेतात आली होती आणि नारळी पौर्णिमा आली.

वहिनींनी आम्हा दोघांना सणाला बोलावलं होतं. दुपारी कोळीवाडा नुसता फुलला होता. सगळ्या बायका एकाच रंगाच्या साड्या नेसलेल्या, अंगभर सोनं, केसांत वेण्या. बँड लागला होता, समुद्राला द्यायचा नारळ सजवून पुढे काढला होता. मिरवणूक गल्लीच्या वळणावर आली, तेवढ्यात सजवलेल्या टेम्पोवरची उंच काठी विजेच्या तारेला लागली. ठिणग्या उडाल्या आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. कोणाला काही झालं नाही. बँड तर थांबलासुद्धा नाही.

नाखवा मात्र माझ्या शेजारून पळत सुटले. त्या वयात त्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आम्ही खोलीत पोचलो तेव्हा इन्व्हर्टरवर पंप चालू होते. थोड्या वेळानं इन्व्हर्टरनं मान टाकली. बुडबुडे थांबले आणि ती खोली इतकी शांत झाली की बाहेरचा बँड आत वाजतोय असं वाटलं. टाक्यांत पिल्लांची दाटी होती. पाण्यात हवा गेली नाही तर फार वेळ तगणार नव्हती. बॅटरीवर चालणारे पंप माझ्या दुकानात कपाटभर होते, पण वाकोला कुठे आणि वर्सोवा कुठे, आणि रस्ते मिरवणुकांनी बंद. नाखव्यांनी एक परडी उचलली. पाणी बदलताना पिल्लं बाहेर जाऊ नयेत म्हणून ते बारीक जाळी लावलेल्या परड्या वापरत. परडी टाकीत बुडवली की आत नुसतं पाणी येतं, पिल्लं बाहेर राहतात. त्या परडीतलं पाणी मगात घ्यायचं आणि वरून परत टाकीत सोडायचं, म्हणजे हवा मिसळते. त्यांनी एका टाकीवर सुरुवात केली, मी दुसरीवर, सुनंदा तिसरीवर. बाकीच्या टाक्यांना माणसं नव्हती.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा आत पाहिलं आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ए बायांनो," त्यांनी बाजारातला आवाज लावला, "नारल मागनं द्या. माझ्या घरात पोरं गुदमरतान."

ओळीतून आधी दोघीतिघी बाहेर पडल्या, मग घोळका आला. सोन्याच्या बांगड्या वर सारून त्या टाक्यांभोवती बसल्या. कोणी मग आणला, कोणी तांब्या, कोणी देवघरातलं भांडं. नाखवा एकेकीला दाखवत फिरले. "उंचावरून नको. पाण्याला बुडबुडे हवेत, पोरांना मार नको. असं, हळू." एकीनं गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं आणि गाण्याच्या ठेक्यावर मग वरखाली व्हायला लागले. एरवी या खोलीत कोणी खोकलं तरी नाखवा बोट ओठांवर ठेवत. त्या दिवशी त्यांनी कोणाला गप्प केलं नाही.

त्यांनी स्वतः पुन्हा मग हातात घेतला तेव्हा वहिनींनी तो काढून घेतला. "तू बस. पानी भायेर सांडतंस." ते स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. हात दमले की बायका आपसांत जागा बदलत. पुढे त्यांचे नवरेही आले. जाळ्यांची खोली हवी असलेले दोन्ही भाऊ आले, लुंग्या खोचून बसले आणि पाणी ओतायला लागले.

उन्हं उतरल्यावर वीज आली. पंप सुरू झाले, बुडबुडे वर आले. दाराजवळची एक टाकी गेली होती. तिला माणूस उशिरा मिळालं होतं. बाकी सगळ्या जगल्या. बायकांनी पदर झटकले, भिजलेल्या साड्या पिळल्या आणि नारळ द्यायला समुद्रावर गेल्या. नाखव्यांनी गेलेली टाकी स्वतःच्या हातानं रिकामी केली.

काही दिवसांनी सकाळी त्यांचा फोन आला. फक्त "ये" म्हणाले. मी गेलो. टाकीच्या कडेला, पाण्याखाली, ती पोरं चालत होती. उलटी पोहणारी ती धूळ आता पाय टेकून, मिशा हलवत, इवल्याइवल्या खऱ्याखुऱ्या कोळंब्या होऊन भिंतीवर चढत होती. नाखवा जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि त्यांनी दाढी केली होती. "चालायला लागली," ते म्हणाले. माझ्या मुलीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी दुकानात होतो, मला ते बघायला मिळालं नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि दुपारपर्यंत उठलो नाही.

टाकीतलं मीठ हळूहळू कमी करत त्यांनी पोरांना गोड्या पाण्याची सवय लावली. मग जयवंत टेम्पो घेऊन आला. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून बीज मनोरला गेलं. ज्या बायकांनी पाणी ओतलं होतं त्यातल्या बऱ्याच जणी टेम्पोपर्यंत आल्या होत्या. वहिनींनी पुढच्या काचेवर हळदकुंकवाची बोटं ओढली आणि ड्रायव्हरला दम दिला, "खड्ड्यात घातलंस तर परत येशील तवा मी हाय."

होळीच्या सुमाराला जयवंतनं आम्हा सगळ्यांना तळ्यावर बोलावलं. जाळं ओढलं तेव्हा वीतभर लांबीची, निळ्या नांग्यांची कोळंबी उसळत वर आली. जयवंतच्या घरी तांदळाच्या भाकरी आणि कोळंबीचं कालवण होतं. मी हळूच नाखव्यांकडे बघत होतो. मला वाटलं, हा माणूस आज फक्त वरणभात खाणार. त्यांनी ताट ओढलं आणि पहिला मोठा तुकडा मोडला.

"खाता तुम्ही?" मी विचारलंच.

"खायलाच वाढवली रे," ते म्हणाले. "मला राग यायचा तो फुकट मेलेल्यांचा." आणि त्यांनी आणखी कालवण मागून घेतलं.

त्याच पंगतीत जयवंतनं विषय काढला. तळ्याशेजारी त्याची मोठी शेड रिकामी होती. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनाही बीज हवं होतं. नाखव्यांनी इथेच येऊन केंद्र उभारावं, समुद्राचं पाणी टँकरनं आणू. आंध्रात होते तेव्हा वहिनी वर्सोव्यात एकट्या होत्या, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. नाखव्यांनी ताटातून मान वर करून बायकोकडे पाहिलं.

"माज्याकडं कशाला बघतंस," वहिनी म्हणाल्या. "या टायमाला मी येतंय."

बाजारातली जागा त्यांनी भाचीला दिली. भावांनी खोली परत घेतली नाही असं नाही, घेतली. पण टाक्या टेम्पोत चढवायला तेच सगळ्यांत आधी आले. निघायच्या सकाळी मी वर्सोव्याला गेलो. टाक्या चढल्या, पंप चढले, अंडी धरलेल्या माद्यांचा ड्रम चढला. वहिनी मात्र धक्क्यावर जाऊन उभ्या होत्या. बराच वेळ आल्या नाहीत, म्हणून नाखवा त्यांना आणायला गेले. मीही मागून गेलो.

"आयुष्य हितं गेलं," वहिनी म्हणाल्या. "तिकडं समदं गोडं पानी. मना दर्याबगर झोप नाय यायची."

नाखवा त्यांच्याशेजारी उभे राहिले. "पिल्लांसाठी खारं पाणी आणायचंच आहे," ते म्हणाले. "तुझ्यासाठी दोन ड्रम जास्त आणीन."

मला ते गमतीत बोलले असं वाटलं. वहिनींनाही वाटलं असावं, कारण त्या हसल्या आणि पदर खोचून टेम्पोकडे निघाल्या.

यंदा दिवाळीनंतर मी आणि सुनंदा मनोरला गेलो. केंद्र छान चाललं आहे. जयवंत आता टाक्यांना स्वतः कस्टर्ड घालतो आणि आपल्या गावातल्या लोकांना हात धुवायला लावतो. नाखवा शेडमध्ये कोणाला तरी फोनवर तेलुगूत झापत होते. आम्ही मागच्या अंगणात गेलो. घराच्या पायरीशी दोन निळे ड्रम होते, झाकण लावलेले. वहिनी पायरीवर बसल्या होत्या. समोर घमेलं, त्यात पाणी, आणि दोन्ही पाय घोट्यांपर्यंत त्यात. मी वाकलो तर खाऱ्या वाऱ्याचा ओळखीचा वास आला.

"झोप येते का आता?" सुनंदानं विचारलं.

"येते," वहिनी म्हणाल्या आणि सरकून तिला शेजारी जागा केली. "ये, पाय घाल. आजच आनलंय."